कर्मयोगी कादंबरीकार बंकिमचंद्र

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे नाव घेताच ‘वंदे मातरम्’ हे गीत आठवते. परंतु ते गीत लिहिणारा पुरुष आयुष्याचा मोठा भाग सरकारी कचेरीत निवाडे लिहीत होता, ही गोष्ट फारशी ध्यानी येत नाही.

त्यांचा जन्म १८३८ साली बंगालमधील नैहाटीजवळच्या कांठालपाडा गावी झाला. घरी राधावल्लभाची उपासना परंपरेने चालत आलेली. संस्कृत काव्याची गोडी त्यांना तरुणपणीच लागली. कवी ईश्वरचंद्र गुप्त यांच्या ‘संवाद प्रभाकर’ पत्राने त्यांच्या कोवळ्या वयातील कवितांस आश्रय दिला. पुढे मिल व कोंत या पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांचाही प्रभाव त्यांच्यावर पडला.

१८५८ साली कलकत्ता विद्यापीठाचे जे पहिले दोन पदवीधर झाले, त्यांत ते एक होत. त्याच वर्षी ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले व १८९१ पर्यंत त्यांनी नोकरी केली. बदल्यांचा त्रास झाला, तरी त्याच बदल्यांनी त्यांस कथावस्तू पुरविल्या. मेदिनीपूरच्या सागरतीरी असलेल्या नेगुआ येथे एक कापालिक त्यांस भेटे, असे सांगतात. त्या परिसराची छाया ‘कपालकुंडला’ या कादंबरीत उतरली. १८७२ साली, बहरमपूर येथे नोकरी करीत असतानाच, त्यांनी ‘बंगदर्शन’ मासिक काढले.

वय वाढले तसे त्यांचे चित्त श्रीकृष्णचरित्राकडे व गीतेकडे वळले. १८८४ च्या ‘देवी चौधुराणी’त सासरहून हाकलली गेलेली प्रफुल्ल ही स्त्री भवानी पाठक या दरोडेखोरांच्या नायकाजवळ निष्काम कर्माचे शिक्षण घेते. ती दरोडेखोरांची राणी होते, धन गोरगरिबांस वाटते. परंतु शेवटी ती कोठे जाते? वनात नव्हे, सासरीच; आणि तेथे भांडी घासू लागते. सिंहासनापेक्षा संसारातील निरहंकार सेवा कठीण, हेच बंकिमचंद्रांस दाखवावयाचे होते. ज्याने स्वतः तेहतीस वर्षे नोकरी व संसार सांभाळून सरस्वतीची सेवा केली, त्यालाच हा शेवट सुचावा यात नवल नाही.

१८८६ साली त्यांचे ‘कृष्णचरित्र’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर आरंभिलेले गीताभाष्य मात्र चौथ्या अध्यायापुढे गेले नाही. १८९४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा देह पडला. भाष्य अपुरे राहिले, तरी त्यातील निष्काम कर्माचा उपदेश प्रफुल्लेच्या चरित्रात पूर्णपणे उतरला आहे. कचेरीत वा स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहस्थांनी व गृहिणींनी तो तेथे अवश्य पाहावा, आणि आपल्या वाट्याचे काम ईश्वरार्पण बुद्धीने करावे.