गुनपेई योकोई: गेमच्या रिमोटवर क्रॉस आणणारा मेंटेनन्स इंजिनीअर

मोबाईलवर इम्युलेटर टाकून जुना मारिओ खेळलात, तर स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हासारखं एक बटण दिसतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. यालाच डी-पॅड म्हणतात. हा क्रॉस 1982 मध्ये आला. तो आणणारे गुनपेई योकोई कंपनीत मुळात मशीन दुरुस्त करायला लागले होते.

पत्त्यांच्या कारखान्यात पहिली नोकरी

योकोईंचा जन्म 10 सप्टेंबर 1941 चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन ते 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले. तेव्हा निन्टेन्डो व्हिडिओ गेम बनवत नव्हती. 1889 पासून ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवायची, आणि ते बनवणाऱ्या मशीन चालू ठेवणं हे योकोईंचं काम.

रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या गमतीसाठी लांब होणारा, टोकाला पकड असलेला एक हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो पडला. ओरडा बसायच्या ऐवजी ऑर्डर आली: याचं खेळणं करा. 1966 मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आलं आणि 10 लाखांहून जास्त नग खपले. मेंटेनन्सचा माणूस खेळणी बनवणारा झाला.

जुनं तंत्र, नवा वापर

योकोईंचा विचार साधा होता. एकदम नवीन, महाग टेक्नॉलॉजीच्या मागे धावायचं नाही. जी जुनी झालीय, स्वस्त झालीय, जिचे सगळे दोष माहीत झालेत, ती घ्यायची आणि कोणी केला नसेल असा तिचा वापर करायचा.

असं सांगतात की बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना त्यांना दिसला. त्यातून 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला: कॅल्क्युलेटरसारखी एलसीडी स्क्रीन असलेला खिशातला गेम.

दोन वर्षांनी याच मालिकेत ‘डाँकी काँग’ आणायचा होता. त्यात चारही दिशांना हलायचं. जॉयस्टिक लावली तर ती बाहेर येते, मग घडी होणारा गेम बंद कसा करणार आणि खिशात कसा ठेवणार? योकोईंनी चार दिशा एकाच चपट्या प्लॅस्टिकच्या क्रॉसमध्ये बसवल्या. आत मधोमध टेकू असल्याने तो सी-सॉसारखा हलतो. डावी बाजू दाबली की उजवी वर उचलली जाते, त्यामुळे दोन विरुद्ध दिशा सहसा एकदम दाबल्या जात नाहीत. आणि अंगठा नेमका कुठे आहे ते न बघता कळतं. मोबाईलच्या काचेवरचा क्रॉस हेच सांगू शकत नाही, म्हणून तिथे आपला अंगठा सारखा घसरतो.

कॅसेट चालते, पण बटणं चालत नाहीत?

1983 मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर हाच क्रॉस आला. 90 च्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे मिळायचे, त्यातले बरेच याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. घरात असा एखादा पडून असेल, आणि गेम दिसतोय पण रिमोट ऐकत नाही असं झालं, तर आधी कॅसेटला दोष देऊ नका.

रिमोटचा सिग्नल कॅसेटमधून जातच नाही. रिमोटमधली छोटी चिप आठ बटणांची स्थिती टिपते आणि एका वायरवरून ती एकेक करून थेट कन्सोलला कळवते. कॅसेटचे पॉइंट खराब असतील तर बहुतेक वेळा स्क्रीनवर कचरा दिसतो किंवा गेम अडकतो. चित्र स्वच्छ आहे आणि डेमो मस्त चालू आहे, तर संशय रिमोटवर घ्या. क्रमाने बघा:

1. दुसरी कॅसेट लावा. तिथेही बटणं चालत नसतील, तर दोष रिमोटचा किंवा त्याच्या सॉकेटचा.
2. हातात पहिलाच रिमोट आहे ना? मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट बटणच नव्हतं.
3. फक्त एकच कॅसेट ऐकत नसेल, तर तो गेम बंदुकीने खेळायचा आहे का ते बघा. नसेल, तर कॅसेटचे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉटन बडने पुसा. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पॉइंट गंजतात.
4. एखादंच बटण मेलं असेल, तर रिमोट उघडा. आत रबराची पट्टी आणि तिच्याखाली काळे कार्बनचे ठिपके असतात. ठिपका सर्किटला टेकला की बटण लागतं. धूळ हलक्या हाताने पुसा, ठिपके खरवडू नका.
5. सगळीच बटणं मेली असतील, तर वायर तपासा. रिमोटजवळ ती वाकून वाकून आत तुटते.

एवढी दुरुस्ती घरी जमते, कारण आत रबर, कार्बन आणि एक साधी चिप एवढंच असतं.

गेम बॉय, आणि त्यानंतर

1989 मध्ये योकोईंच्या टीमने गेम बॉय आणला. स्क्रीनला रंग नाहीत, फक्त चार छटा. समोर सेगाचा रंगीत गेम गिअर आला, पण त्याला 6 पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांतच संपायचे. गेम बॉय 4 सेलवर त्याच्या कितीतरी पट जास्त चालायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळपास 11 कोटी 87 लाख विकले गेले.

1995 चा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र आपटला. डोळ्यांना लावून बघायचा, लाल-काळ्या चित्रांचा हा 3डी गेम वर्षभरातच बंद झाला. ऑगस्ट 1996 मध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली आणि ‘कोटो’ ही स्वतःची कंपनी काढली. 4 ऑक्टोबर 1997 ला हायवेवर किरकोळ धडकेनंतर ते गाडीतून खाली उतरले होते, तेव्हा दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय 56.

ज्यावर ते शेवटी काम करत होते, तो ‘वंडरस्वान’ 1999 मध्ये बंदाई कंपनीने आणला. तो एकाच पेन्सिल सेलवर चालायचा, आणि सोबत आलेल्या एका पझल गेमचं नाव होतं ‘गुनपे’. आडवा किंवा उभा, कसाही धरून खेळता यावा अशी त्याची रचना होती. त्यावर क्रॉस नव्हता. त्या जागी चार-चार सुट्या बटणांचे दोन गट होते.