प्लेगची सक्ती आणि हाफकिनची लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता ते गजबजलेले बंदर ओस पडू लागले. सरकारने योजलेले उपाय कठोर होते. घरांच्या झडत्या, रोग्यांची रुग्णालयात सक्तीने रवानगी, आप्तांची छावणीत पाठवणी आणि सामानाची होळी असे सत्र सुरू झाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांच्या कायद्याने या सक्तीला भक्कम आधार मिळाला. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवितात, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत दाखविले ते १८९८ साली. तोपर्यंत शासन माणसांचा पाठलाग करीत होते आणि उंदीर मात्र मोकळेच होते. सक्तीने भय वाढले. भयाने लोक रोगी लपवू लागले. पुण्यात या जुलमाची परिणती जून १८९७ मध्ये रँडवरील गोळीबारात झाली.

या काळोखात वाल्डेमार हाफकिन यांचे कार्य उठून दिसते. १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मेच्निकॉव्ह यांच्या हाताखाली शिकून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे ग्रंथालयात काम करता करता त्यांनी संशोधन चालविले. १८९२ मध्ये पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात दाखल झाले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व लगतचा बोळ हीच त्यांची प्रयोगशाळा. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि मग उष्णतेने मारीत. काढ्यासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. गाय व डुक्कर दोन्ही टाळले. लोकांच्या श्रद्धेची जाण असल्याखेरीज विज्ञान त्यांच्या दारात पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १० जानेवारी १८९७ रोजी ती लसही त्यांनी आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग फारच कमी आढळला. आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा अनुयायांचा संकोच घालविला. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथी मारून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये आवाज उठविला, तेव्हा कुठे त्यांच्यावरील कलंक धुतला गेला. ते भारतात परतले, पण पूर्वीचा अधिकार त्यांना लाभला नाही. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले होते. उशिराने का होईना, तो न्यायच होता.

पाचोडसारख्या गावातील वाचकाला ही जुनी कथा वाटेल. पण तशी ती नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये शेजारच्याच बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे संशयित रुग्ण आढळले होते. पुढच्याच महिन्यात सुरतेत साथीची वार्ता पसरताच लाखो लोकांनी शहर सोडले. शतक उलटले तरी भीतीचे स्वरूप पालटलेले नव्हते. साथ आल्यावर हुकूम काढणे सोपे असते. साथ नसताना धान्याची कोठारे, गटारे व उकिरडे स्वच्छ ठेवणे आणि आरोग्यसेवकावर गावाचा विश्वास बसविणे, हे अवघड काम शिक्षकाला, कारकुनाला व विद्यार्थ्यालाही करावे लागते. हाफकिन यांनी सुई आधी स्वतःच्या अंगात खुपसली आणि मगच इतरांना विनविले. शासनाने व समाजाने त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे.