मार्क वायझर : स्मार्टफोन येण्याआधी स्मार्ट घराचा नकाशा काढणारा माणूस

हा लेख वाचायला घेतल्यापासून तुमच्या फोनवर किती नोटिफिकेशन आली? एखादी ऑफर, एखादा ग्रुप, एखादं गेम जे तीन दिवस उघडलं नाही म्हणून रुसून बसलंय. आता गंमत बघा. खिशातलं छोटं यंत्र, हातातली पाटी, भिंतीवरचा मोठा स्क्रीन, आणि माणूस खोलीत आला की ओळखणारी खोली, हे सगळं ज्या माणसाने १९८८ च्या सुमारास आखलं, त्याला हा गोंगाट अजिबात नको होता. त्याचं नाव मार्क वायझर. आज आपण त्यांची गोष्ट जाणून घेणार आहोत. तुम्ही ॲप बनवायला शिकत असाल, तर ही गोष्ट जरा जास्तच तुमच्यासाठी आहे.

तत्त्वज्ञान शिकायला गेलेला मुलगा

मार्क वायझर यांचा जन्म २३ जुलै १९५२ रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या हार्वे या गावी झाला. बालपण न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकमध्ये गेलं. कॉलेजसाठी ते फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजमध्ये गेले, आणि विषय घेतला तत्त्वज्ञान. पण पदवी पूर्ण न करताच त्यांनी ते कॉलेज सोडलं. प्रोग्रामिंग ते बरंचसं स्वतःच शिकले. पुढे मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळवून १९७७ मध्ये एम.ए. आणि १९७९ मध्ये पीएच.डी. केली.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय आजही प्रत्येक डेव्हलपरच्या कामाचा आहे. त्याला प्रोग्राम स्लाइसिंग म्हणतात. समजा तुम्ही किराणा बिलाचं ॲप लिहिलंय आणि एकूण रक्कम चुकतेय. कोडच्या हजारभर ओळी आहेत. पण त्यातल्या सगळ्या ओळी त्या रकमेला हात लावत नाहीत. रंग, बटणं, लॉगिन हे सगळं बाजूला ठेवलं की ज्या ओळींचा रकमेवर खरोखर परिणाम होतो तेवढ्याच उरतात. ती झाली स्लाइस, म्हणजे कोडची हवी तेवढीच फोड. अनुभवी प्रोग्रामर चूक शोधताना मनातल्या मनात नेमकं हेच करतात, असं वायझर यांनी दाखवलं, आणि हे काम कम्प्युटरकडून करून घ्यायची पद्धतही मांडली.

थोडक्यात काय, तर माणसाचं लक्ष मोजकंच असतं, म्हणून नको ते समोरून हटवा. हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

झेरॉक्समधली नोकरी

मेरीलँड विद्यापीठात काही वर्षं शिकवल्यावर १९८७ मध्ये वायझर कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे आले. तिथे झेरॉक्स कंपनीची संशोधन संस्था होती. हो, तीच झेरॉक्स, जिच्या नावावरून आपण कॉलेजसमोरच्या दुकानात नोट्सची झेरॉक्स काढतो! या संस्थेला झेरॉक्स पार्क म्हणत. लेझर प्रिंटर आणि इथरनेट इथलेच. खिडक्या, चित्रं आणि माऊस वापरून चालणारा आल्टो नावाचा कम्प्युटर इथे १९७३ मध्येच तयार झाला होता. म्हणजे टेबलावरच्या कम्प्युटरला आजचा चेहरा ज्या घरात मिळाला, त्याच घरात वायझर दाखल झाले. १९८८ मध्ये ते तिथल्या कम्प्युटर सायन्स प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

पण त्यांना टेबलावरचा कम्प्युटरच खटकत होता. तो माणसाला आपल्यासमोर बसवून ठेवतो आणि सगळं लक्ष स्वतःकडे ओढतो. झेरॉक्स पार्कमध्ये इंजिनिअरांच्या बरोबरीने मानववंशशास्त्रज्ञही काम करत. लूसी सचमन त्यांपैकी एक. लोक कार्यालयात खरोखर कसं काम करतात याचा त्या अभ्यास करत. साधं फोटोकॉपी मशीन वापरताना मोठमोठे शास्त्रज्ञही कसे अडखळतात, हे त्यांनी व्हिडिओ करून दाखवलं होतं. यंत्र एकटं नसतं, ते माणसांच्या कामकाजात बसलेलं असतं, ही गोष्ट वायझर यांनी या मंडळींकडून घेतली.

यातून जे सुचलं त्याला त्यांनी नाव दिलं युबिक्विटस कम्प्युटिंग, म्हणजे सर्वव्यापी संगणन. कम्प्युटर एका डब्यात न राहता खोलीभर पसरेल आणि तरीही जाणवणार नाही, अशी ही कल्पना.

टॅब, पॅड आणि बोर्ड

वायझर यांच्या टीमने नुसते कागद रंगवले नाहीत, त्यांनी यंत्रं बनवली. तीन मापांची. इंचाच्या मापाचे टॅब, कागदाएवढे पॅड आणि भिंतीवरच्या फळ्याएवढे बोर्ड. एका साध्या खोलीत शंभरावर टॅब, दहा-वीस पॅड आणि एक-दोन बोर्ड असतील, असा त्यांचा अंदाज होता.

त्यांचा पार्कटॅब तळहातावर मावायचा. स्क्रीन १२८ बाय ६४ पिक्सेलचा आणि बटणं फक्त तीन. तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरणांनी बोलायचा. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. त्यामुळे कोणता टॅब कोणत्या खोलीत आहे हे सिस्टीमला आपोआप कळायचं. जी अडचण वाटावी, तीच सोय झाली!

मग यावर सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. तुम्ही कुठे आहात, जवळ कोण आहे, कोणता प्रिंटर जवळचा, हे बघून वागणारं. वायझर यांच्या प्रयोगशाळेतल्या बिल शिलिट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा ॲप्सचं वर्गीकरण केलं. त्यांच्या एका प्रोग्राममध्ये कॉफीच्या यंत्राला बॅज लावलेला होता. स्वयंपाकघरात कोणी कॉफी करायला घेतली की कम्प्युटरवर कोंबडा आरवायचा. हसू येतं ना? पण आज फोनमध्ये आपण घरी पोचल्यावर वायफाय सुरू कर असा नियम लावतो, तो याच कोंबड्याचा वंशज आहे.

पॅडबद्दलची त्यांची कल्पना मात्र आजच्या टॅबलेटपेक्षा वेगळी होती. पॅड कोणाच्या मालकीचा नाही. तो टेबलावर पडलेल्या कोऱ्या कागदासारखा. हवा तेव्हा कोणताही उचला, काम झालं की ठेवून द्या.

१९९१ चा लेख

सप्टेंबर १९९१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात वायझर यांचा एकविसाव्या शतकातल्या कम्प्युटरवरचा लेख आला. भारतात पहिला मोबाईल कॉल व्हायला तेव्हा चार वर्षं बाकी होती! लेखात त्यांनी सॅल नावाच्या एका काल्पनिक बाईचा दिवस रंगवला. तिच्या गॅरेजच्या दाराचं माहितीपुस्तक हरवतं, पण पुस्तकातच एक चिमुकला टॅब चिकटवलेला असतो. इशारा देताच अडगळीतून तो आवाज करतो आणि पुस्तक सापडतं. आज आपण किल्ल्यांना आणि बॅगेला लावतो ते ट्रॅकर आठवले ना?

याच लेखात त्यांनी धोक्याची घंटाही वाजवली होती. प्रत्येक खोलीत माणसाची चाहूल घेणारी शेकडो यंत्रं असतील आणि ती जोडलेली असतील, तर ती माहिती सत्ताधाऱ्यांच्या किंवा कंपन्यांच्या हाती पडल्यावर काय होईल? झेरॉक्स पार्कमध्ये लोक कुठे आहेत हे सांगणारे बॅज वापरात आले तेव्हा हा प्रश्न घरातलाच झाला. म्हणून तिथल्या संशोधकांनी रचना अशी सुचवली की, प्रत्येकाच्या ठावठिकाण्याची माहिती त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामकडे राहील आणि ती कोणाला द्यायची हे तोच ठरवेल. आज ॲप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा आपण काही न वाचता होय दाबतो. हा प्रश्न किती जुना आहे, बघा.

बॅटरीचं गणित

खिशातलं यंत्र म्हटलं की बॅटरी आलीच. १९९४ मध्ये वायझर आणि सहकाऱ्यांनी प्रोसेसरची वीज वाचवण्यावर एक पेपर लिहिला. कल्पना सोपी आहे. पुढचा सिग्नल लाल आहे हे दिसत असताना स्कूटर जोरात पळवून, करकचून ब्रेक मारून थांबण्यात काय अर्थ? आरामात जा, पोचाल तेव्हा सिग्नल हिरवा होईल. प्रोसेसरचंही तसंच. घाईने काम संपवून रिकामं बसण्यापेक्षा हळू चाला आणि वेळेवर संपवा. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्होल्टेज निम्मं केलं तर तेच काम साधारण चौथाई विजेत होतं. तुमच्या फोनचा प्रोसेसर कामाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामागे हाच विचार आहे.

छताला टांगलेली दोरी

वायझर नुसते प्रयोगशाळेतले गंभीर साहेब नव्हते. सिव्हिअर टायर डॅमेज नावाच्या बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. जून १९९३ मध्ये या बँडने आपला कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखवला. असं करणारा हा पहिला बँड मानला जातो. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्ससारख्या जगप्रसिद्ध बँडचा कार्यक्रम इंटरनेटवर येणार होता, तर या पठ्ठ्यांनी आमंत्रण नसताना त्याच वाहिनीवर आधी स्वतःचं वाजवून घेतलं!

पण त्यांचं शेवटचं मोठं काम शांततेवरचं होतं. कलाकार नॅटली जेरेमिजेन्को यांनी झेरॉक्स पार्कमध्ये एक गंमत उभारली होती. छताला छोटी मोटर, तिला टांगलेली आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी, आणि मोटर नेटवर्कच्या केबलला जोडलेली. नेटवर्कवरून माहिती गेली की दोरी किंचित हलायची. गर्दी वाढली की गरागरा फिरायची. कोणी तिच्याकडे टक लावून बघत नसे, पण येता-जाता नेटवर्कचा हालहवाल सगळ्यांना कळायचा.

वायझर यांना यात उत्तर दिसलं. जॉन सीली ब्राऊन यांच्यासोबत त्यांनी १९९५ पासून शांत तंत्रज्ञानाचा विचार मांडला. माणसाच्या लक्षाला एक केंद्र असतं आणि एक कडा. चांगलं यंत्र कडेला राहतं, गरज लागली तरच मध्ये येतं आणि काम झालं की परत कडेला जातं.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. कुकर गॅसवर आहे आणि आई बाहेरच्या खोलीत बोलत बसलीय. ती शिट्ट्या मोजत बसलेली नसते. पण तिसरी झाली की बरोबर उठते. कुकर तिला दर दोन मिनिटांनी भात शिजतोय असं सांगत नाही.

अर्धवट राहिलेलं स्वप्न

१९९६ मध्ये वायझर झेरॉक्स पार्कचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. १९९९ च्या वसंतात त्यांना पोटाचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि काही आठवड्यांतच, २७ एप्रिल १९९९ रोजी, ते गेले. वय फक्त ४६. वायफाय हे नाव आणि ब्लूटूथचं पहिलं मानक त्याच वर्षातलं. इंटरनेट ऑफ थिंग्ज हा शब्दही त्याच वर्षी वापरात आला. म्हणजे स्वप्नाला लागणारं सामान दारात येऊन पोचलं, आणि ते बघणारा माणूस निघून गेला.

त्यानंतर काय झालं? यंत्रांबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं. टॅब म्हणजे आपला फोन, पॅड म्हणजे टॅबलेट, बोर्ड म्हणजे शाळेतला डिजिटल फळा. पण शांततेचा अर्धा भाग आपण मागेच सोडला. वायझर यांना चष्म्यासारखं यंत्र हवं होतं. चष्मा घातला की आपण जग बघतो, चष्मा नाही. आज आपण दिवसभर चष्माच बघत बसलोय.

म्हणून ॲप बनवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी नोटिफिकेशनचा कोड लिहिण्याआधी थांबून तीन प्रश्न विचारा. हे आत्ताच सांगायला हवं का? हे आवाज न करता, एखाद्या ठिपक्याने किंवा रंगाने सांगता येईल का? आणि काम झाल्यावर माझं ॲप मुकाट्याने बाजूला होतं का? अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल करता येतात आणि प्रत्येकाचं महत्त्व वेगळं ठेवता येतं. ही सोय वापरा. ऑफर आणि ओटीपी एकाच आवाजात ओरडायला नकोत.

आणि ॲप बनवत नसाल, तर आज एवढंच करा. सेटिंग्जमध्ये जा, नोटिफिकेशनची यादी उघडा आणि ज्यांचं काम कडेला राहूनही भागेल त्यांचा आवाज बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे. फोन तुमचाच राहील, फक्त जरा कुकरसारखा वागायला लागेल.