दारातच राखण बसवणारा डॉक्टर : अल्बर्ट सेबिन

कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी बंधूंना राणीखेतची लस ठाऊक आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात सोडायचा. सुई नाही, टोचणं नाही. रोग ज्या वाटेनं आत शिरतो, त्याच वाटेवर पहारा बसवायचा, हा त्यामागचा विचार. माणसाच्या पोरांना पोलिओपासून वाचवण्यासाठी हाच विचार ज्यांनी तडीस नेला, ते डॉ. अल्बर्ट सेबिन. गावोगाव पाजले जाणारे 'दोन थेंब' त्यांच्याच कामातून आले.

सेबिन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०६ रोजी बियालिस्टोक या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज पोलंडमध्ये आहे. घराणं ज्यू. तिकडच्या छळाला कंटाळून १९२१ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत गेले आणि पॅटरसन या रेशीम गिरण्यांच्या शहरात राहिले. परिस्थिती बेताचीच. एका नातलगानं दंतवैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पण जंतूंचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांवरचं एक पुस्तक वाचनात आलं आणि सेबिन यांनी ती वाट सोडली. मदत बंद झाली. मिळेल ते काम करून शिकले आणि १९३१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली. चालती-बोलती पोरं दोन-चार दिवसांत लुळी पडत होती. तेव्हापासून हा रोग त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

वाट कोणती?

त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञ मानत, की पोलिओचा विषाणू नाकातून थेट मेंदूकडे जातो. सेबिन यांच्या १९३६ मधल्या प्रयोगातही विषाणू फक्त मज्जातंतूंच्या पेशीतच वाढतो, असे दिसले होते. नाकाची वाट बंद करावी म्हणून १९३७ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारले गेले. रोग थांबला नाही, उलट काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. फवारा चुकीच्या जागी मारला, तर औषध कितीही चांगलं असो, पीक वाचत नाही. तसंच हे झालं.

सेबिन १९३९ मध्ये सिनसिनाटी शहरात कामाला लागले. पोलिओने दगावलेल्या रुग्णांची तपासणी त्यांनी सहकारी रॉबर्ट वॉर्ड यांच्यासह केली. विषाणू नाकाच्या वाटेवर सापडला नाही. तो सापडला आतड्यात. १९४१ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. म्हणजे रोगाचं दार तोंड, आणि वस्ती आतड्यात. विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्या पोराच्या तोंडात जातो.

बुळबुळीत थराची राखण

आता हे आतडं आतून कसं असतं, ते पाहू. नाक, घसा, आतडं यांच्या आतून एक बुळबुळीत थर असतो. शास्त्रात त्याला श्लेष्म म्हणतात, आपण शेंबूड, कफ, आव या नावांनी त्याला ओळखतो. आपल्याला त्याची किळस येते, पण शरीराची पहिली राखण तोच करतो. जंतू त्यात चिकटतात आणि बाहेर फेकले जातात. या थरात शरीर प्रतिपिंडेही सोडते. प्रतिपिंड म्हणजे एकदा भेटलेल्या जंतूला ओळखून धरणारा रखवालदार. त्याने विषाणूला धरलं की विषाणूला पेशीत शिरता येत नाही.

जोनास साल्क यांची इंजेक्शनची लस १९५५ मध्ये आली. तिने रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणू मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. पोर लुळं होत नाही, हे मोठंच काम. पण आतड्यातली राखण तिने कमीच मिळते. विषाणू तिथे वाढून शेजारच्या पोराकडे जाऊ शकतो. घर वाचलं, पण गाव उघडं राहिलं. सेबिन यांना गाव वाचवायचं होतं. म्हणून त्यांनी जिवंत पण दुबळा केलेला विषाणू तोंडावाटे द्यायचं ठरवलं.

पशुपालकांना पटेल अशी एक गोष्ट. १९५० मध्ये सेबिन यांनी दाखवले, की बायकांच्या आणि काही गाईंच्या दुधात पोलिओच्या विषाणूला निकामी करणारा घटक असतो. आईच्या दुधातून राखण पोराच्या पोटात उतरते, ती अशी. गाईच्या चिकाचं मोलही हेच. वार पडायची वाट न पाहता वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा, असं आम्ही सांगतो ते यासाठीच.

दोन देशांच्या वैरावर मात

दुबळे विषाणू निवडायला सेबिन यांना अनेक वर्षे लागली. लस त्यांनी आधी स्वतः घेतली, बायको आणि दोन मुलींनाही दिली. पण अमेरिकेत साल्क यांची लस सुरू झाली होती, मोठी चाचणी घेणार कुठे? तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघाचं हाडवैर होतं. तरी सेबिन यांनी आपले विषाणू सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चुमाकोव यांच्याकडे दिले. १९५९ मध्ये तिथे एक कोटीहून अधिक लोकांना ही लस दिली गेली आणि ती यशस्वी ठरली. १९६१-६२ मध्ये अमेरिकेनेही परवाना दिला. सेबिन यांनी लसीचं पेटंट घेतलं नाही. पगारावरच ते जगले.

३ मार्च १९९३ रोजी ते वारले. डिसेंबर १९९५ मध्ये आपल्या देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मुंबईच्या हाफकिन महामंडळानेही तिला कोट्यवधी डोस पुरवले. जुलाब आणि इतर जंतूंमुळे आपल्याकडच्या पोरांच्या आतड्यात लस नीट रुजत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागले. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण लुळा पडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

दुबळा विषाणू फार क्वचित पुन्हा जोर धरतो, विशेषतः जिथे बरीच पोरं लसीविना राहतात तिथे. म्हणून आता थेंबांबरोबर इंजेक्शनही दिलं जातं. थेंब दाराची राखण करतात, इंजेक्शन घराची. दोन्ही हवीत. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणू अजून संपलेला नाही आणि विषाणूला सरहद्द कळत नाही.

ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच मंडळींना एवढीच विनंती. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर उतरलेल्या, मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांची पोरं यादीत आहेत का, ते आशाताईंबरोबर बसून पाहावे. कुंपणाला एक भगदाड राहिलं तरी जनावर शेतात शिरतंच.