लुई ब्रेल

फ्रान्समधील कूपव्रे या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर बनवीत. ३ वर्षांचा लुई त्यांच्या आरीशी खेळत असता ती डोळ्यात गेली; विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला व तो पूर्ण अंध झाला.

१८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तेथील ग्रंथांत डोळसांचीच अक्षरे उठावदार छापलेली असत. ग्रंथ अवजड, वाचन अतिशय मंद आणि लेखन जवळजवळ अशक्य! बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याच्या १२ ठिपक्यांच्या लिपीवरून स्फूर्ती घेऊन लुईने १८२४ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, ६ ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. बोटाच्या एका स्पर्शात आता संपूर्ण अक्षर मावू लागले.

पुढे त्याच शाळेत शिक्षक झालेले ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी निवर्तले. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली! आज मराठीही ब्रेलमध्ये वाचली जाते. संगणकातील ग्रंथ वरखाली होणाऱ्या बारीक टाचण्यांच्या रूपाने बोटांखाली उमटतात. ग्रंथाचे रूप वाचकाच्या सोयीने ठरावे, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घ्यावयाचा आहे.