माहेर हरवलेल्या सुर्मा खानुम

बाईचे माहेर सुटते ते लग्नाच्या दिवशी, असे आपण धरून चालतो. सुर्मा खानुम यांनी लग्न केलेच नाही. सारा जन्म त्यांनी माहेरासाठी वेचला आणि तरीही माहेर सुटले. नुसते घर नव्हे, तर गाव, डोंगर, देश, सगळेच. १८८३ साली ऑटोमन तुर्कस्तानातल्या हक्कारीच्या पहाडात त्यांचा जन्म झाला आणि १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी मृत्यू. असिरियन समाजाची वाताहत समजून घ्यायची, तर निनवेच्या प्राचीन राजांकडे जाण्याआधी मला या बाईंकडे जावेसे वाटते.

असिरियन म्हटले की आपल्याला शाळेच्या इतिहासातले पंखवाले बैल आठवतात. आजचे असिरियन स्वतःला त्याच भूमीचे वारस मानतात. ते ख्रिस्ती आहेत आणि घरात जी भाषा बोलतात ती अरामीची लेक आहे. अरामी म्हणजे खुद्द येशूच्या तोंडची बोली. त्यांची पूर्वेची मंडळी हे जगातल्या जुन्या चर्चपैकी एक. तिची एक फांदी आपल्या केरळात आहे. १९०८ साली हक्कारीकडूनच मार अबिमलेक तिमोथियस नावाचे बिशप त्रिचूरला आले आणि १९४५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला.

या मंडळीच्या प्रमुखाला मार शिमून म्हणत. गादी काकाकडून पुतण्याकडे किंवा मामाकडून भाच्याकडे जाई, कारण गादीवरचा पुरुष अविवाहित असे. तो मांस खात नसे. गादीचा वारस ठरायच्या मुलाच्या आईनेही गरोदरपणात मांस वर्ज्य करायचे, असा रिवाज होता. पहाडातल्या टोळ्यांचे तंटे याच गादीपुढे सुटत. कुद्शानिस हे त्या गादीचे गाव. तिथल्या घरात सुर्मा वाढल्या. ब्राऊन नावाचे एक इंग्रज पाद्री १८८६ पासून हक्कारीत राहत होते. त्यांच्याजवळ ही मुलगी इंग्रजी शिकली. ज्या पहाडात पुरुषांनाही अक्षरओळख दुर्मीळ, तिथे ही नवलाईच होती.

१९०३ साली काका वारले आणि सुर्मांचा धाकटा भाऊ बेन्यामिन गादीवर बसला. त्याचे वय अवघे सोळा, बहिणीचे वीस. खानुम म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब. घर, पाहुणे, पत्रव्यवहार, सल्लामसलत सगळे या बाईसाहेबांकडे आले. गादीवर भाऊ आणि गादीमागे बहीण, हे चित्र आपल्याला काही परके नाही.

मग पहिले महायुद्ध आले. १९१५ साली तुर्की फौजा आणि कुर्द टोळ्या हक्कारीवर चालून आल्या. आर्मेनियनांवर कोसळलेला वरवंटा असिरियनांवरही फिरला. सुर्मांचा एक भाऊ, होर्मिझ्द, तुर्की सरकारच्या ताब्यात ओलीस होता. भावाचा जीव हवा तर लढा सोडा, असा निरोप बेन्यामिनना होता. त्यांनी लढा सोडला नाही. होर्मिझ्दला ठार करण्यात आले. त्या घरातल्या बहिणीच्या मनाचे काय झाले असेल? दोन्ही भाऊ तिचेच होते. मला या साऱ्या चरित्रात सर्वांत जड वाटणारी जागा ही आहे.

पहाड सोडून लोक इराणच्या उर्मिया आणि सलमासच्या मैदानात उतरले. मार्च १९१८ मध्ये सिमको नावाच्या कुर्द सरदाराने मार बेन्यामिन यांना वाटाघाटीला बोलावले आणि बाहेर पडताना गोळ्या घातल्या. त्याच उन्हाळ्यात उर्मियाही सोडावे लागले. सत्तर-ऐंशी हजारांचा लोंढा ब्रिटिश फौजेच्या आशेने दक्षिणेला निघाला. वाटेत हल्ले, रोगराई, तहान. बगदादजवळच्या बाकुबाच्या तंबूंपर्यंत सुमारे पन्नास हजार पोहोचले. बाकीचे कुठे गेले, ते त्या वाटेलाच ठाऊक.

मेसोपोटेमियाची ही भूमी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९१६ साली कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या मुलखातून न परतलेल्यांची आठवण आपल्याकडच्याही काही घरांत होती.

बेन्यामिननंतर पौलोस हा भाऊ गादीवर आला. तोही १९२० साली क्षयाने गेला. आता उरला पुतण्या एशाय, वय वर्षे बारा. त्याला छावणीतच गादीवर बसवले. सुर्मा त्या वेळी लंडनमध्ये होत्या. युद्धानंतर नकाशे नव्याने आखले जात असताना आपल्या लोकांना घरी परत जाऊ द्या, एवढे मागायला त्या गेल्या होत्या. पहाडातली एक अविवाहित स्त्री साम्राज्याच्या राजधानीत आपल्या समाजाची वकिली करत होती. १९२० सालीच त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले, आपल्या मंडळीच्या चालीरीतींवर आणि भावाच्या खुनावर. मानसन्मान मिळाला, मागणी मात्र फळली नाही. १९२५-२६ मध्ये सीमा ठरली. मोसुल इराककडे गेले, हक्कारी तुर्कस्तानात राहिले. घरची वाट कायमची बंद झाली.

ब्रिटिशांनी असिरियन तरुणांना आपल्या लेव्ही पलटणींत भरती केले आणि १९३२ साली इराक स्वतंत्र होताच त्यांना नव्या सरकारच्या भरवशावर सोडले. शेजाऱ्यांच्या नजरेत ही माणसे परक्यांची शिपाई ठरली होती. ऑगस्ट १९३३ मध्ये इराकी सैन्याने सिमेले गावात आणि आसपास शेकडो निःशस्त्र लोक मारले. असिरियन स्वतः हा आकडा तीन हजार सांगतात. तरुण मार एशाय यांचे नागरिकत्व काढून त्यांना सायप्रसला पाठवले. सुर्मा खानुम आणि घरची मंडळीही देशोधडीला लागली. ब्राझील, ब्रिटिश गयाना अशा योजना निघाल्या आणि विरल्या. काही हजार लोक सीरियात खाबूर नदीकाठी वसले.

सुर्मांच्या मुत्सद्देगिरीवर टीका झाली. त्यांनी इंग्रजांवर फार विसंबून राहायला नको होते, एका घराण्याच्या हातात समाजाची दोरी ठेवायला नको होती, असे त्यांच्याच लोकांतले काहीजण म्हणत. त्यात तथ्य आहे. पण हात दगडाखाली असलेल्या माणसासमोर किती वाटा असतात, हेही पाहायला हवे.

सायप्रसनंतर इंग्लंड आणि अखेर अमेरिका. तिथे त्यांच्या आधीच एक असिरियन जग उभे होते. उर्मियाकडची माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोला पोहोचली होती. १९१७ साली तिथे त्यांची असिरियन संस्था निघाली. टरलॉकला कालव्याच्या पाण्यावर कलिंगडे आणि द्राक्षे पिकवणारी वस्ती १९१० च्या सुमारास सुरू झाली. परमुलखात या लोकांनी आधी चर्च उभारले, मग सभागृह. लग्नात हातात हात गुंफून गोल धरून नाचायचे, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून दोल्मा करायचा, मुलांना रविवारी जुनी लिपी शिकवायची. पुढे एक एप्रिलला नववर्षही साजरे होऊ लागले. परदेशात गणपती बसवणाऱ्या आपल्या मंडळांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सुर्मांच्या नशिबी शेवटचा घाव मात्र याच नव्या मुलखात होता. मार एशाय यांनी १९७३ साली लग्न केले आणि समाजात वादळ उठले. ६ नोव्हेंबर १९७५ रोजी सॅन होझे येथे समाजातल्याच एकाने त्यांना गोळ्या घातल्या. महिन्याभरात, ७ डिसेंबरला, टरलॉकला सुर्मा खानुम गेल्या. वय ब्याण्णव. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चाललेली गादी तिथे थांबली. १९७६ पासून प्रमुख निवडला जातो.

२०१५ साली खाबूरकाठच्या त्याच गावांवर इस्लामिक स्टेटचा हल्ला झाला, दोनशेहून अधिक माणसे ओलीस गेली आणि पुन्हा गाठोडी बांधली गेली. उलटी पावलेही दिसतात. अनेक वर्षे शिकागोला असलेली गादी २०१५ मध्ये इराकच्या अर्बिलला परतली आणि २०२१ साली तिच्यावर बसलेले मार आवा शिकागोत जन्मलेले आहेत. त्यांचा जन्म १९७५ चा, ज्या वर्षी सुर्मा गेल्या त्याच वर्षीचा.

कुद्शानिसला आज मार शालिताचे पडके चर्च आहे. ज्या घराने शंभर पाहुण्यांची ऊठबस केली, त्या घरची माणसे तिथे कोणी नाहीत. ती शिकागोत आहेत, सिडनीत आहेत, टरलॉकच्या बागांत आहेत. माहेर कधी जमिनीत असते, कधी भाषेत. सुर्मा खानुम पहिले वाचवू शकल्या नाहीत. दुसरे मात्र या लोकांनी अजून जपले आहे.