पागेतले विष्णुपंत छत्रे

आपल्या इंदुरात पागनीसपागा नावाची वस्ती आहे. तिथून रोज शाळेला जाणाऱ्या आमच्या घरातल्या दोन मुलांना मी विचारले, पागा म्हणजे काय? धाकट्याने सांगितले, पगडी बांधणारे लोक. थोरला गप्प राहिला. ज्या घोड्यांच्या टापांवर होळकरांचे राज्य उभे राहिले, त्यांची बांधायची जागा म्हणजे पागा, हे सांगता सांगता विष्णुपंत छत्र्यांचे नाव निघाले. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. माझ्या मते मात्र ते आधी पागेतले माणूस होते, सर्कसवाले नंतर झाले.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास कृष्णाकाठच्या अंकलखोप गावचा. शाळेत मन रमले नाही. ओढा सगळा जनावरांकडे. तरुणपणी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तिथे रेल्वे पोहोचण्याच्या आधीचा तो काळ. कुठे कृष्णाकाठ आणि कुठे ग्वाल्हेर! जयाजीराव शिंद्यांच्या त्या नगरीत बाबासाहेब आपटे यांच्याकडे त्यांनी अश्वविद्या घेतली आणि हद्दूखाँसाहेबांकडे गाण्याची तालीम. एकाच माणसाने घोडा आणि ख्याल दोन्ही शिकावे याचे पुष्कळांना नवल वाटते. मला तितकेसे वाटत नाही. लय दोन्हीकडे लागते, आणि घोडा बेताल माणसाला फार लवकर ओळखतो.

इथे थोडे खात्याचे बोलतो. मी पशुपालन खात्यात आहे. पदविकेच्या वर्षी घोड्याचा मागचा पाय पहिल्यांदा उचलला तेव्हा कळले की, पाठीवर बसणे हा या विद्येचा सर्वांत लहान भाग आहे. घोड्याला अगदी मागचे आणि कपाळासमोरचे जवळचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत जायचे, हात अंगावर ठेवून तो हळूहळू पायापर्यंत न्यायचा. मग खुरातली माती आणि खडे टाचेकडून टोकाकडे काढायचे. नाल झिजो न झिजो, खूर नखासारखे वाढतच राहते, म्हणून साधारण सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. खरारा करताना नुसती धूळ जात नाही. कुठे सूज आहे, कुठे खोगिराने पाठ सोलली आहे, हे डोळ्यांआधी तळहाताला कळते. चंदीचे तर विचारूच नका. घोड्याला ओकता येत नाही. दाणा जास्त झाला, एकदम बदलला किंवा बुरशीचा निघाला तर पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर रात्रीत जाते. म्हणून मोतद्दार सकाळी आधी लीद पाहतो, मग तोबरा चढवतो. स्वार तासभर बसून उतरतो. घाम पुसून, घोडा हळूहळू चालवून, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबणारा माणूस दुसराच असतो. चांगला चाबुकस्वार व्हायचे तर हे सगळे आधी हाताखालून जावे लागते.

दक्षिणेत परतल्यावर कुरुंदवाडच्या पटवर्धन सरकारांकडे विष्णुपंत चाबुकस्वार झाले आणि पागा त्यांच्या हाती आली. पुढचा प्रसंग ठाऊकच आहे. मुंबईत आलेली एक परदेशी सर्कस त्यांनी पाहिली. असे काम हिंदुस्थानी माणसाला इतक्यात जमायचे नाही, असे तिच्या मालकाचे मत होते, आणि ते विष्णुपंतांच्या मनाला लागले. घोडे तर त्यांच्या हातचे होतेच. १८८० साली कुरुंदवाडला त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला असे मानतात.

सर्कस मुळात घोड्याचीच. विलायतेत ती १७६८ मध्ये फिलिप अॅस्ली या घोडदळातल्या माणसाने सुरू केली. रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला तोही घोड्यामुळे. एवढ्या वर्तुळात तो एकसारख्या चालीने धावला की वर उभा राहिलेला माणूस आतल्या बाजूला झुकून तोल सांभाळू शकतो. चाल अर्ध्या पावलाने बिघडली तर वरचा खाली! ती चाल चाबकाच्या आवाजाने येत नाही. रोज त्याच वेळी, त्याच हाताने, त्याच क्रमाने काम करून घेतल्याने येते.

पुढे ही सर्कस देशभर हिंडली, समुद्र ओलांडून सिलोनलाही गेली. केरळात तलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतशिक्षकाशी गाठ पडली आणि त्यांच्या तालमीतून केरळच्या सर्कशींची परंपरा उभी राहिली. इकडे म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर अशा नावाजलेल्या सर्कशी त्याच कृष्णाकाठी निघाल्या.

विष्णुपंतांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र तंबूतली नाही. हद्दूखाँसाहेब १८७५ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव रहिमतखाँ हे विलक्षण गवई. पण मन विस्कटलेले, अफूच्या आहारी गेलेले. सर्कस घेऊन विष्णुपंत काशीला गेले असताना खाँसाहेब त्यांना तिथे हलाखीत सापडले. विष्णुपंतांनी आपल्या गुरूचा हा मुलगा उचलून सर्कशीबरोबर घेतला. त्यांचे खाणे-पिणे, कपडे, झोप, अफूची मात्रा, सगळ्याला वेळ लावून दिली. लहर फिरली की खाँसाहेब कोणाला जुमानत नसत, विष्णुपंतांचे तेवढे ऐकत, असे सांगतात. बिथरलेल्या जनावरापाशी न ओरडता उभे राहायची सवय असलेल्या माणसालाच हे जमले असावे, असे मी धरून चालतो. माणसाची आणि घोड्याची तुलना कोणाला खटकली तर क्षमा असावी, पण आमच्या खात्यात ती मानहानी समजत नाहीत. पुढे रहिमतखाँच्या मैफिली होऊ लागल्या, लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. ती सांभाळ नसती तर तो आवाज काशीच्या गल्लीतच विरला असता.

विष्णुपंत १९०५ मध्ये वारले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कस पुढे चालवली आणि खाँसाहेबांनाही सोडले नाही. रहिमतखाँ त्यानंतर सतरा वर्षे होते. उतारवयात त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या, आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडला, छत्र्यांच्याच आधाराने, त्यांनी देह ठेवला.